चक्रीचे दात

दसऱ्याला क्लच प्लेट बदलली
आणि गाडीची भूक वाढली.
लिटरला सोळा देणारी अठ्ठ्याण्णवची मारुती
बारावर आली.
वहीत तांबड्या शाईने लिहिलं : बारा.
खाली दोन रेघा.

एकतीस वर्षं नापतोल खात्यात काढली.
दाणाओळीत तळाला चिंच चिकटवलेली पारडी पकडली,
दुधाच्या मापाला आतून दिलेला पोचा
बोटाने ओळखला.
तेव्हा पहिला संशय अर्थातच पंपावर.

पाच लिटरचं पितळी माप घेऊन
झाशी रोडला उभा राहिलो.
भदौरिया म्हणाला, "बाबूजी, रिटायर हो गए, अब तो छोड़ो."
माप भरलं. बरोबर रेघेवर.
थेंब इकडे नाही, तिकडे नाही.
खरं सांगायचं तर
मला थोडं वाईटच वाटलं.

मग जिन्सी नाल्यावर इसरार मिस्त्री.
एअर फिल्टर नवा, कार्ब्युरेटरची किट नवी, फ्युएल पंप नवा.
जॅकवर उचलून एकेक चाक हाताने फिरवलं,
ब्रेक कुठे धरतोय का, कान लावून ऐकलं.
नाही धरत.
त्याने प्लग काढून तळहातावर ठेवले.
"देखो, बादामी. पेट्रोल ज़्यादा पीती
तो मुँह काला होता इनका."
मी चष्मा पुसून बघितलं. बदामीच होते.
तरी म्हटलं, बदल.
बदलले.
बारा.

कालिंदी म्हणाली, एवढ्या बिलांत
वर्षभर ऑटोने फिरलो असतो.
मी टायरमध्ये दोन पौंड हवा जास्त भरली,
डिकीतली सतरंजीसुद्धा काढली.
रात्री खाली कुठेतरी गळतंय असं वाटायचं.
टॉर्च घेऊन जायचो.
फरशी कोरडी.

पौषातल्या एका रविवारी डबऱ्याला निघालो, तिच्या बहिणीकडे.
धुकं असं, की पुढचा ट्रक म्हणजे नुसता आवाज.
ती मांडीवर मटार सोलत बसलेली.
सिथौली ओलांडल्यावर
किलोमीटरचा एकेक दगड पिवळं डोकं वर काढायचा,
आणि ती एक शेंग न सोलता
डॅशबोर्डवर ठेवायची.
का, ते मी विचारलं नाही.
आमच्या घरात दोघंही काही ना काही मोजत असतात.

आंतरीच्या अलीकडे म्हणाली, "दहा."
मी मीटर बघितला. साडेसात.
"चुकलीस तू कुठेतरी."
"शेंगा मोजा."

येताना मी स्वतः मोजले, मोठ्याने, दहा दगड.
साडेसात.

गाडी बाजूला घेतली.
वहीच्या मागच्या पानावर
चौथीतलं त्रैराशिक मांडलं :
साडेसाताला दहा, तर बाराला किती?
सोळा.
कालिंदीने एक शेंग फोडून
दाणे माझ्या हातावर ठेवले.

सोमवारी इसरारने गिअरबॉक्समधून
प्लास्टिकची चक्री ओढून काढली, बोटाच्या पेराएवढी.
दसऱ्याला जुनी तुटली होती,
दुकानात मिळाली ती बसवली.
"बताना भूल गया, साहब."
जुनीचे तुकडे त्याने काडेपेटीत ठेवले होते, का कुणास ठाऊक.
जुळवले. दात मोजले, त्याने पेचकसाने, मी नखाने.
जुनीला पंधरा. हिला वीस.
म्हणजे तीन महिने गाडी पुरतं अंतर तोडत होती,
आणि मीटरची केबल आळसात फिरत
चौथा हिस्सा गिळत होती.

कुणा दुकानदाराचं माप असतं
तर जागेवर पंचनामा केला असता,
दोन साक्षीदार, लाखेचं सील.
इथे जप्त काय करणार?
चक्री खिशात टाकली.

त्या संध्याकाळी भदौरियाकडेच गेलो.
काही बोललो नाही, माफी वगैरे तर नाहीच.
म्हटलं, फुल कर.
त्याने नळी हातात घेतली,
"बाबूजी, ज़ीरो देख लो."

बघायचं नाही, असं ठरवून गेलो होतो.
बघितलं.